देवळालीच्या कात्रीबाई

कात्रीबाईंनी माझं पहिलं लेबल माझ्या डोळ्यांदेखत कापलं, तेही चाळीस बायकांसमोर. नाशिकरोडच्या एका हॉलमध्ये बचत गटांसाठी प्रशिक्षण होतं. विषय होता ‘लघुउद्योगांसाठी ब्रँडिंग आणि मोबाइल’. मी मोठ्या हौसेने माझ्या मसाल्याचं पाकीट नेलं होतं. सोनेरी अक्षरं, वर गणपती, खाली लाल मिरच्या, मध्ये नवऱ्याचा फोटो आणि ‘राजेंद्र मसाले’.

बाईंनी पाकीट उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, “मिरच्या कोण निवडतं?”

“मी.”

“भाजतं कोण? कांडतं कोण?”

“मीच.”

“मग हा राजेंद्र कोण?”

“माझे मिस्टर. ते दुकानांत पोचवतात.”

त्यांनी कुर्त्याच्या खिशातून शिंप्याची लांब काळी कात्री काढली. नाव कापलं, फोटो कापला, खालचे त्याचे दोन्ही मोबाइल नंबर कापले. मग त्या भोकातून बोट आरपार घालून मला म्हणाल्या, “आता यात तू कुठं आहेस ते दाखव.”

बायका खळखळून हसल्या. मला हसू आलं नाही. घरी गेल्यावर हे कापलेलं लेबल नवऱ्याला काय म्हणून दाखवायचं, एवढंच डोक्यात होतं. त्याचा हात लगेच उठायचा. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि माझ्या डाव्या कानाला तेव्हाच कमी ऐकू यायला लागलं होतं. ते पाकीट मी येताना बसमध्येच सीटखाली सारून दिलं.

बाईंचं खरं नाव वेगळं होतं, पण ते त्यांच्या पाटीवरसुद्धा नव्हतं. देवळाली कॅम्पच्या बाजारात एका चपलांच्या दुकानावर त्यांची खोली होती. लाकडी जिना, एक टेबल, एक लॅपटॉप, चार खुर्च्या. आर्टिलरीचा सराव सुरू असला की खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि बाई तोफेच्या वर आवाज चढवायच्या. वय पंचावन्नच्या आसपास, बुटक्या, अंगाने भरलेल्या, केस पुरुषासारखे बारीक कापलेले. लोणचीवाले, नर्सरीवाले, येवल्याचे पैठणी विणणारे असे सगळे त्यांच्याकडे सल्ल्याला यायचे आणि बहुतेक जण पहिल्या भेटीत शिव्या खाऊन जायचे. ‘घरगुती चव’ हे शब्द त्यांना चालायचे नाहीत. “घरगुती म्हणजे काय? घरात तर झुरळंपण असतात. काय घातलंय, कधी दळलंय, कुणी दळलंय ते लिही,” म्हणायच्या. सोनेरी अक्षरं त्यांना चालायची नाहीत. ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर द्यायला उशीर झाला तर फोन हातातून हिसकावून घ्यायच्या.

पिंपळगावचे एक बेदाण्याचे व्यापारी एकदा माझ्यासमोर आले होते. त्यांच्या पाकिटावर बेदाण्यांपेक्षा एका पुढाऱ्याचं तोंड मोठं होतं. बाईंनी ते तोंड मानेपासून कापून टेबलावर ठेवलं. शेठ ताडकन उठले, खुर्ची लाथेने उडवली आणि हात उगारला. मी भिंतीला चिकटले. बाई जागच्या हलल्या नाहीत. “मारा शेठ,” त्या म्हणाल्या. “पण आधी सांगा, हे साहेब तुमचे बेदाणे विकत घेऊन खातात का?” शेठ जिना दणाणत खाली गेले. पंधरा दिवसांनी परत आले ते साध्या पांढऱ्या पाकिटाचा नमुना घेऊन. त्या दिवशी बाईंनी त्यांना चहा पाजला.

पण त्यांचा खरा धडा लेबलचा नव्हताच. नवी बाई आली की पहिलं वाक्य असायचं, “फोन दाखव.” सिम कुणाच्या नावावर, ईमेल कुणाचा, धंद्याच्या पानाचा पासवर्ड कुणाला माहीत, बँकेचा निरोप कुणाच्या मोबाइलवर येतो, हे सगळं त्या विचारून घ्यायच्या. निम्म्याहून जास्त बायकांचं उत्तर ‘मिस्टरांच्या’, ‘दिरांच्या’, ‘भावाच्या’ असं असायचं. मग बाई टेबलावर मूठ आपटायच्या. “ज्याच्या फोनवर ओटीपी, त्याचा धंदा! तू नुसती कामाला आहेस तिथं.”

त्यांचा हा राग कुठून आला ते मला बरंच नंतर कळलं. बाई आधी शाळेचे गणवेश आणि दप्तरं शिवायच्या. नवरा लष्करातून निवृत्त होऊन आला आणि घरात हात-पट्टा चालवायला लागला. दप्तरांचं काम मोठं झालं, तेव्हा धाकट्या दिराने कौतुकाने नेटवर पान काढून दिलं. एका दुपारी नवऱ्याने त्यांचं डोकं शिलाई मशीनवर आपटलं. त्या तशाच रक्ताळल्या अंगाने घराबाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी पान उघडायला गेल्या तर उघडेना. ग्राहक, फोटो, नंबर, नाव, सगळं दिराकडे. “येताना माझ्या हातात फक्त ही कात्री होती,” त्या मला म्हणाल्या. “कापड कापत होते ना. सुटलीच नाही हातातून.” त्यानंतर चाळिशीत त्यांनी कॉम्प्युटर शिकून घेतला.

मी चोरून त्यांच्याकडे जायला लागले. माहेरी जाते असं सांगून निघायचे. त्यांनी माझ्या नावाचं सिम घ्यायला लावलं, ईमेल काढायला लावला, पासवर्ड पाठ करून घेतला. नावासाठी मी वहीत ‘अन्नपूर्णा’, ‘सुगरण’ असं बरंच लिहून नेलं होतं. त्यांनी वही मिटली. “लोक फोन करतात तेव्हा काय म्हणतात?”

“जेलरोडच्या वहिनींचा मसाला पाहिजे म्हणतात.” आमचं घर नाशिकरोडजवळच्या जेलरोड भागात होतं.

“मग हेच.”

“बाई, मसाल्यावर जेल?”

“एकदा वाचलेलं विसरतील का?”

फोटोत माझा चेहरा नको असं मी म्हटलं, म्हणून त्यांनी माझ्या हातांचा फोटो काढला. मिरचीने लाल झालेली बोटं आणि मनगटावरचा भाजल्याचा डाग, जसं होतं तसं. ‘जेलरोडच्या वहिनी’ असं ठसठशीत काळ्या अक्षरांत आलं. तीन महिन्यांत पुण्याहून, ठाण्याहून कुरिअरच्या ऑर्डरी यायला लागल्या. दुकानांत जुनंच पाकीट जायचं, ही नवी पाकिटं मी बाईंच्या खोलीवरून परस्पर पाठवायचे.

नवऱ्याला हे कळलं ते एका ग्राहकामुळे. सकाळी अकराच्या सुमाराला मी कांडप यंत्रावर मिरची टाकत होते. माझा फोन ओट्यावर होता. तो वाजला, नवऱ्याने उचलला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, “वहिनींना द्या ना, त्यांच्याशीच बोलायचंय.” त्याने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघत विचारलं, “राजेंद्र मसाले कुठं गेले?”

मी उत्तर देईपर्यंत पहिली थप्पड बसली होती. मग केस धरून त्याने माझं तोंड मिरचीच्या परातीत दाबलं. डोळ्यांत, नाकात, घशात आग झाली. श्वास घेता येईना. वर काढलं तेव्हा मला काही दिसत नव्हतं, फक्त यंत्राची लोखंडी मुसळं धाडधाड पडताना ऐकू येत होती. त्यात काहीतरी कचकन मोडलं. त्याने माझा फोन उखळात टाकला होता. मग माझं मनगट धरून त्याने हात उखळाच्या तोंडाशी नेला. मुसळाचा वारा बोटांना लागत होता.

“पुढच्या वेळी हा,” तो म्हणाला.

तो बाहेर गेल्यावर मी तोंड धुतलं आणि रिक्षाने देवळालीला गेले. बाईंनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, जवळ घेतील. त्यांनी खुर्ची ओढली. “बस. पासवर्ड आठवतोय?”

“बाई, त्याने फोन...”

“पासवर्ड!”

मी सांगितला. त्यांनी शेजारून एक जुना फोन आणला, मला सिमच्या दुकानात नेलं. सुजलेलं तोंड बघून दुकानदार चाचरला, तर त्यालाच ओरडल्या. तास-दीड तासात सगळं परत आलं. ग्राहकांचे निरोप, पत्ते, ऑर्डरी, माझ्या हातांचा फोटो. बाईंनी तो फोन माझ्या मांडीवर ठेवला. “बघ. फोन मेला. धंदा जिवंत आहे. आता रड.” मी रडले. मग त्यांनी माझ्या चेहऱ्याचे आणि मनगटाचे फोटो काढले आणि माझ्याच ईमेलवर पाठवले. म्हणाल्या, “हे कुणाला विकायला नाहीत. पोलिसांना द्यायला आहेत.”

तक्रार केली. ‘घरात मिटवा’ हे तिथे ऐकावं लागलंच, पण बाई खुर्चीवरून उठेनात, तेव्हा लिहून घेतलं. त्या रात्रीपासून मी बाईंच्या खोलीवरच राहायला लागले.

पाचव्या दिवशी, भर दुपारी नवरा तिथे आला. बरोबर त्याचा चुलतभाऊ होता. तोफांचा सराव चालू होता, त्यामुळे जिन्यावरचे पाय आम्हाला ऐकू आले नाहीत. नवऱ्याच्या हातात शटर ओढायची लोखंडी सळई होती. त्याने आधी लॅपटॉप फोडला. बाई मध्ये आल्या. सळईचा पहिला फटका त्यांच्या उजव्या मनगटावर बसला, दुसरा कपाळावर. कवटीवर लोखंड आपटल्याचा तो आवाज मी कधी विसरणार नाही. त्या गुडघ्यावर आल्या, पण डाव्या हाताने त्यांनी खिशातली कात्री काढली आणि त्याच्या दंडात मुठीपर्यंत खुपसली. तो बोंबलला. चुलतभाऊ जिन्यावरून उड्या मारत पळाला. खालचे चपलवाले काका आणि सुट्टीवर निघालेले दोन जवान वर धावले आणि त्यांनी नवऱ्याला जमिनीवर दाबून धरलं. पायऱ्यांवरून रक्त खाली दुकानातल्या खोक्यांवर ठिबकत होतं.

आणि मी? मी कोपऱ्यात उभी होते. तोंडातून आवाजसुद्धा निघाला नाही. हे लिहायला मला आजही जड जातं, पण खरं तेच आहे.

नवऱ्याला अटक झाली. पण त्याच्या घरच्यांनी बाईंवरही उलटी फिर्याद दिली, कात्रीने जिवे मारण्याचा प्रयत्न केला म्हणून. मग सासरे मला भेटायला आले. तू तक्रार मागे घे, परत ये, आम्ही तुझ्या बाईंवरची फिर्याद मागे घेतो, असं सरळ बोलणं होतं. बाई तेव्हा दवाखान्यात होत्या. कपाळाला अकरा टाके, मनगटात स्टीलची पट्टी. या बाईला माझ्यापायी या वयात तुरुंग नको, असं मनाशी ठरवून मी त्यांना सांगायला गेले.

“मी परत जाते, बाई. तुम्ही सुटाल.”

त्यांनी डाव्या हाताने माझ्या कानफटात मारली. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

“माझ्यासाठी परत जातेस?” त्या म्हणाल्या. “मग मी डोकं फोडून कशाला घेतलं? जा! पण सांगताना माझं नाव घेऊ नकोस.”

मी गेले नाही. कोर्टात आमच्या वकिलांनी ते ईमेल दाखवले. फोटो, तारीख, वेळ, सगळं जागेवर होतं. बाईंवरचा खटला उभा राहिला नाही, स्वसंरक्षण मानलं गेलं. नवऱ्याला शिक्षा झाली. जेलरोडचं भाड्याचं घर आणि माझ्या आईने घेऊन दिलेलं कांडप यंत्र माझ्याकडे राहिलं.

बाई मात्र पहिल्यासारख्या झाल्या नाहीत. उजवा हात उचलेना. डोक्याच्या मारामुळे झटके यायला लागले. बोलता बोलता शब्द हरवायचे आणि तो सापडला नाही की त्या भिंतीवर मूठ मारायच्या. वर्षभर खोली रेटली, मग सटाण्याच्या बहिणीकडे जायचं ठरवलं. तिथेच पाच महिन्यांनी, झटक्यातच, गेल्या. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

म्हणून शेवटची भेट ती सटाण्याच्या गाडीजवळची. बहीण तिकीट काढायला गेली होती. बाई बाकावर बसल्या होत्या. मी कितीतरी दिवस मनात धरून ठेवलेलं एक वाक्य बोलून टाकलं.

“बाई, दवाखान्यात तुम्ही मला मारलंत. ते मला आवडलं नव्हतं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता इथे स्टँडवर शिव्या घालणार. त्यांचे ओठ हलले, पण शब्द सापडत नव्हता. मी थांबले. गाडी लागली, लोक धावले, कंडक्टर ओरडला, तरी मी थांबले.

“चुकलं माझं,” शेवटी त्या म्हणाल्या. “मारणाऱ्यांत मीपण होते की गं.” मग थोड्या वेळाने, “माफ कर मला.”

बहिणीने त्यांना धरून गाडीत चढवलं. खिडकीची जागा मिळाली नाही, त्यामुळे गाडी निघताना त्या मला दिसल्या नाहीत. आत कुणाशी तरी जागेवरून भांडण सुरू झालं होतं आणि त्यात त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

वडिलांनी मारलं होतं, शाळेत शिक्षकांनी मारलं होतं, नवऱ्याने तर अकरा वर्षं मारलं. आजवर मला मारणाऱ्यांपैकी माफी मागणाऱ्या कात्रीबाई एकट्याच.