सार्जंटचं वजन

कुठलीही वस्तू हातात घेतली की साहेब आधी तिचं वजन सांगत. भाजीची पिशवी असो, माझ्या मुलाचं दप्तर असो, नाहीतर वाढदिवसाला मी नेऊन दिलेला केक असो, आभार नंतर. कुवेतमध्ये अबू हलीफाला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये हा गोरा म्हातारा एकटा राहायचा. लिफ्टमध्ये चार माणसं शिरली की जाड माणसाला बरोबर मधे उभं करायचा. मला मधे उभं केलं त्या दिवशी मी घरी येऊन जाम चिडले होते.

ही खोड नोकरीतली. ब्रिटिश हवाई दलात तरुणपणी मालवाहू विमानं उडवायला लागले, ते एअर व्हाइस मार्शल होऊन निवृत्त झाले. कुठे पुरात तंबू, कुठे भूकंपात अख्खं इस्पितळ खोक्यांत भरून नेलं. आखाती युद्धानंतर याच कुवेतमध्ये जनरेटर उतरवले. लढाऊ विमानवाल्यांचे फोटो छापून येत, यांचे कधी नाहीत, पण त्याचं त्यांना काही वाटत नसे. "वजन सांगा, पोचवतो," एवढंच मी आयुष्यभर बोललो, असं म्हणत. निवृत्तीनंतर इथल्या एका कंपनीत सल्लागार म्हणून आले आणि इथेच रमले.

घरात सोबतीला सार्जंट, रस्त्यावरून उचलून आणलेला पिवळट कुत्रा. "इतक्या सार्जंटनी माझा शब्द झेलला, हा एकटाच ऐकत नाही," म्हणायचे आणि आपल्या ताटातलं चिकन त्यालाच घालायचे.

मग ऐन जुलैत कंपनीने त्यांची जागाच बंद केली. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द; आता देश सोडायचा. या उकाड्यात सामानाच्या कप्प्यात कुत्रा न्यायला एकही विमान कंपनी तयार होईना. प्रवाशाजवळ फक्त लहानसे, हलके कुत्रे चालतात, सार्जंट त्याहून कितीतरी जड. साहेबांनी जुन्या ओळखी काढून फोन केले. सगळे "सर, सर" करत, काम मात्र कोणाच्यानेच होईना.

"मी रणगाडे नेलेत हो," ते माझ्या दारात उभे राहून म्हणाले. थंडी पडली की पाठवते, मी म्हटलं आणि पट्टा हातात घेतला.

सार्जंटने खाणंच टाकलं. दाराशी पडून राहायचा. डॉक्टर झाले, सलाइन झालं, आमच्या ह्यांनी मांडी घालून हाताने भरवून पाहिलं. दर शुक्रवारी साहेबांचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न एकच, "वजन?" खोटं सांगून काय उपयोग, त्यांना व्हिडिओवर दिसायचंच. मी आकडा सांगायचे. प्रत्येक वेळी आकडा आणखी उतरलेला. इतकं हतबल मला या परक्या देशात आल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

थंडी तोंडावर आली आणि तो गेला. ह्यांनी त्याला चादरीत गुंडाळून खाली नेलं. मी साहेबांना फोन लावला, कसंबसं सांगितलं आणि रडत सुटले. त्यांनी विचारलं, "शेवटी किती होतं?"

मी सांगितलं.

"म्हणजे मांडीवर घेऊन आलो असतो," साहेब म्हणाले.