खांबाला वळसा

आमच्या हॉलच्या मधोमध एक खांब होता. शॉमबर्ग या अमेरिकन उपनगरात, रस्त्याकडेच्या दुकानांच्या रांगेत, लाँड्रीला लागून तो हॉल. पूर्वी तिथे गालिच्यांचं दुकान होतं, तेव्हा त्या खांबाचं कुणाला काही वाटलं नसावं. आमच्या वेळी तिथे तांग सू दो शिकवत. फोनवर आईला मी ‘कोरियन कराटे’ एवढंच सांगे. सरांनी खांबाला निळा फोम गुंडाळून वरून चिकटपट्टी मारली होती. त्या फोमला आमच्या घामाचा आणि शेजारच्या इस्त्रीच्या वाफेचा मिळून एक वास येई. आजही ओल्या कपड्यावर इस्त्री फिरली की मला ते संध्याकाळचे तास आठवतात.

मी तिथे गेले ती २००३च्या हिवाळ्यात, निव्वळ रागाने. नागपूरला मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. लग्न करून तिकडे गेले आणि व्हिसावर ‘डिपेंडंट’ झाले. नोकरीची परवानगी नाही. बँकेचं कार्ड नवऱ्याच्या खात्यावरचं, फोन त्याच्या नावावर, लायब्ररीने पत्त्याचा पुरावा मागितला तर तोही त्याचाच. नवरा बिचारा आयटीतला सरळ माणूस, त्याचा यात काही दोष नव्हता. भांडायलासुद्धा कुणी नाही, हे मला जास्त लागायचं. मंडळाच्या हळदीकुंकवाला एक काकू म्हणाल्या की वेळ जात नसेल तर केक शिक. दुसऱ्याच दिवशी मी लाथा शिकायला नाव घातलं.

सर साठीचे, बुटके, अबोल. बाकीचे त्यांना कोरियन रिवाजाने साबम-निम म्हणत, मी आपली सर. त्यांच्या काळ्या पट्ट्यावर त्यांचं नाव भरलेलं होतं. काळा पट्टा ज्याला मिळतो त्याच्या पट्ट्यावर त्याचं स्वतःचं नाव येतं, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं आणि मी हट्टाला पेटले. त्या देशात माझ्या एकटीच्या नावाची एक तरी वस्तू मला हवी होती. हे कुणाला सांगितलं असतं तर हसले असते, म्हणून सांगितलं नाही.

आमच्याकडे सगळ्यात महत्त्वाचा ह्युंग. म्हणजे समोर माणूस आहे असं धरून, ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायचे ठोसे, लाथा, वळणं. काळ्या पट्ट्याचा ह्युंग जुना, मूळचा चीनचा. ‘तांग’ म्हणजे चीनच, सर सांगत, नावातच आहे, लपवायचं काय. कोरियन लाथा उंच आणि सरळ जातात. या ह्युंगमध्ये मात्र अंग खाली बसतं, आधी कंबर वळते आणि मग हात निघतो. एके ठिकाणी दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवून तळहात पुढे ढकलायचे. त्यावर सर फार कडक. काखेत वर्तमानपत्राची घडी धरायला लावत. पडली की पुन्हा पहिल्यापासून.

माझ्याबरोबर एक चिनी मैत्रीण शिकत होती, औषध कंपनीत संशोधक. २००५च्या उन्हाळ्यात तिचे वडील आले, आपले आईवडील येतात तसेच, सहा महिन्यांसाठी, हातात थर्मास आणि चेहऱ्यावर कंटाळा. एकदा ते बाकावर बसून माझा ह्युंग बघत होते. कोपरांची ती जागा आली तसे ते हसत उठले आणि तीच हालचाल त्यांनी दोन्ही हात पसरून केली, वाळलेली चादर झटकावी तशी ऐसपैस. मैत्रिणीने सांगितलं, बाबा म्हणतात आमच्या गावी पहाटे बागेत असंच करतात, तुमचे हात कुणी बांधले? सरांनी वाकून नमस्कार केला आणि त्यांना ते पुन्हा करून दाखवायला सांगितलं. मग आतल्या खोलीत जाऊन बसले. त्या दिवशी कुणी वर्तमानपत्र काखेत धरलं नाही.

पुढच्या वसंतात माझी परीक्षा आली. तोवरच्या परीक्षा आमच्याच हॉलमध्ये होत. परीक्षक येत आणि खांबाच्या आजूबाजूने माना काढून बघत. त्या वर्षी मात्र ती ओहायोत एका शाळेच्या भल्यामोठ्या जिममध्ये ठेवली. आम्ही आदल्या दिवशी ओहायोतल्याच डब्लिन गावी नवऱ्याच्या मित्राकडे उतरलो. रात्री मी ताटातला भात नुसता चिवडत बसले. नवरा म्हणाला, “अगं, एवढं टेन्शन असेल तर कॅन्सल कर ना यार.” मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गुपचूप गाडीत पेट्रोल भरायला गेला.

ह्युंग चांगला झाला, असं मला वाटलं. एका म्हाताऱ्या परीक्षकांनी तो पुन्हा करायला सांगितला. मी पुन्हा केला. त्यांनी विचारलं, तिसऱ्या वळणाआधी तू अर्धं पाऊल मागे का सरतेस? समोर कुणी नाही, मागे कशाला जायचं? मला प्रश्नच कळला नाही. मला तो ह्युंग तसाच येत होता. मी सरांकडे बघितलं, तर त्यांचा चेहरा पांढराफटक. ते उठले, वाकले आणि कोरियन भाषेत काहीतरी थोडक्यात बोलले. मी नापास झाले. परतीच्या वाटेवर इंडियाना राज्य संपेपर्यंत मी रडत होते आणि नवरा एकेक पेपर नॅपकिन पुढे करत होता.

त्या वळणावर आमच्या हॉलमध्ये खांब होता. वळायचं तर अर्धं पाऊल मागे सरावंच लागे. हॉल घेतला तेव्हा सरांनी ही तडजोड केली आणि वर्षं गेली तसे ते स्वतःही विसरले.

सोमवारी ते मला पार्किंग लॉटमध्ये घेऊन गेले. इथून पुढे तुझा ह्युंग इथे, म्हणाले. मी फणकाऱ्याने विचारलं की मग कोपरंही सोडू का, ते बाबा म्हणाले तशी? सर फुटपाथच्या कडेवर बसले. मग त्यांनी सांगितलं. त्यांचे गुरू तरुणपणी पोटासाठी उत्तर चीनमध्ये गेले होते आणि तिथे एका म्हाताऱ्याकडे शिकले, त्याच्या घरामागच्या बोळात. दोन भिंतींमध्ये एक माणूस जेमतेम मावेल एवढा तो बोळ. ही गोष्ट सरांनी गुरूंच्या तोंडून कितीदा ऐकली होती, पण चिकटलेली कोपरं ही त्या भिंतींमुळे, हे त्या थर्मासवाल्या बाबांचे पसरलेले हात बघेपर्यंत त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. जन्मभर ते त्याला गुप्त विद्या समजत होते.

“खांब माझा आहे,” ते म्हणाले. “तो काढून टाक. भिंत माझ्या गुरूंची आहे. ती राहू दे.”

तो सगळा उन्हाळा मी गाड्यांच्या पिवळ्या पट्ट्यांमध्ये ते अर्धं पाऊल पुसत होते. लाँड्रीतून कपडे न्यायला आलेले लोक थांबून बघत. एकदा पाऊस आला म्हणून आत गेले, तिसरं वळण झोकात घेतलं आणि थेट खांबावर आदळले. डोळ्यांपुढे काजवे चमकले. सर पोट धरून हसले, आणि त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

थंडीच्या तोंडावर मी पास झाले. पट्ट्यावर कोरियन अक्षरांत माझं नाव आलं, माझं एकटीचं. नवरा म्हणाला, “आता तुझ्याशी भांडणं कॅन्सल.”

२००८मध्ये त्याचं प्रोजेक्ट संपलं आणि आमचं नागपूरला परतायचं ठरलं. सरही हॉल बंद करून मुलाकडे निघाले होते. निरोपाला गेले तेव्हा चटया गुंडाळून व्हॅनमध्ये गेल्या होत्या आणि नव्या भाडेकरूचे लोक आत मापं घेत होते. सर म्हणाले, एकदा करून दाखव. मी पार्किंग लॉटमध्ये उभी राहिले आणि ह्युंग केला, कोपरं बरगड्यांना घट्ट धरून. तिसऱ्या वळणाआधी मी मुद्दाम अर्धं पाऊल मागे सरले.

“पुन्हा चुकलीस,” सर म्हणाले. “इथे खांब नाही.”

“खांब माझ्या गुरूंचा आहे,” मी म्हटलं. “तो राहू दे.”

व्हॅनची किल्ली सरांच्या हातातच होती, तरी ते बराच वेळ खिसे चाचपत राहिले.