दीड भाकरी

धाराशिवच्या बसस्टँडमागं एक मावशी कडक भाकरी विकायच्या. रात्रभराच्या बाईक राईडला आम्ही सहाजण निघालो, की शिदोरी त्यांच्याकडूनच घ्यायचो. भाकरी पुरती गार झाल्याशिवाय त्या फडक्यात बांधायच्या नाहीत. शेंगाची चटणी वेगळ्या कागदात. पण माणशी दीडच भाकरी. जास्त मागितली तरी देत नसत.

"मावशी, एवढ्यानं काय होतंय?" एकदा मी वैतागलोच.

गाठ आवळत त्या म्हणाल्या, "पोट भरलं की डोळा लागतो, बाबा. आमचे मालक टरक चालवायचे. गेले त्या रात्री म्याच आग्रह करकरून जेवू घातलं व्हतं."

आता मावशी तिथं बसत नाहीत. डब्यात बायको दोन भाकऱ्या भरते. निघताना अर्धी मी गुपचूप टोपल्यात परत ठेवतो.