परवाचा रस्ता

"मागचा की पुढचा?" असं विचारताना तो अंगठा आधी खांद्यावरून मागे करायचा आणि मग तोच अंगठा पुढे, समोरच्याच्या छातीकडे. त्याच्यासमोर 'परवा' म्हणायची खोटी, की अंगठा वर. परवा पिझ्झा खाल्ला म्हटलं तरी विचारणार. 'खाल्ला' म्हणजे मागचाच परवा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण याला विचारल्याशिवाय चैन पडायचं नाही. कॅनबेरातल्या आमच्या गुंगालिन उपनगरातल्या गणपतीत आमची पोरं त्याची नक्कल करायची. मीही करायचे, आणि बऱ्यापैकी करायचे.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी वल्ली असेल. आपण तिला एक सवय चिकटवून मोकळे होतो आणि त्यापलीकडे बघायचे कष्ट घेत नाही.

कॅनबेरातल्या एका लहानशा कंपनीत आम्ही शेजारी बसायचो. मी ठाण्याची, कॉन्ट्रॅक्टवर सर्व्हर सांभाळणारी. तो नाशिकचा, पन्नाशीचा, एकटा राहणारा, नकाशे काढणारा. उन्हाळ्यात अंटार्क्टिकावर ज्या तुकड्या जातात, त्यांनी बर्फावरून गाड्या कुठून न्यायच्या ते त्याच्या नकाशावरून ठरायचं. त्याच्याकडे एकच डोंगररांग होती, किनाऱ्यापासून फार आत, कुठल्याशा राजपुत्राच्या नावाची. पहिल्यांदा ती कुणाला तरी विमानातून लांबवर दिसली. मग कुत्र्यांच्या गाड्या घेऊन माणसं गेली, मग ट्रॅक्टर गेले. अजूनही तिचा बराचसा भाग माणसाने फक्त वरूनच पाहिलेला आहे.

"आपला सह्याद्री बर्फाने भरून टाक," त्याने मला एकदा समजावलं. "दऱ्या, घाट, गावं, सगळं बुडव. कळसूबाईचं फक्त देऊळ वर राहू दे. असं जे टोक बर्फातून वर राहतं ना, त्याला म्हणतात नुनाटक."

"नाटक?"

"नुनाटक. नाटक खाली चालू असतं."

वरचा बर्फ थांबलेला दिसतो, पण तो रोज जरा जरा समुद्राकडे सरकत असतो. सरकताना फाटतो. त्या भेगांवर वाऱ्याने बर्फाची साय धरते, आणि वरून बघणाऱ्याला सपाट मैदान दिसतं. ही भेगांची जागा ओळखणं हे त्याचं काम. स्वतः तो तिथे कधीच गेला नव्हता, तिकडे जाण्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत नापास झाला होता. पण बिननावाच्या शिखरांना त्याने घरगुती नावं ठेवली होती. एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या दोन सुळक्यांना तो थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ म्हणायचा. ऑफिसातले गोरे लोकही 'बिग जाऊ' म्हणायला शिकले होते.

एका सकाळी ट्रॅममधून ऑफिसला जाताना मी म्हटलं, "परवा सुट्टी आहे." अंगठा वर. मी वैतागले. "अरे, पुरे की आता! पोरंसुद्धा हसतात तुला. मागच्या परवाची सुट्टी मी तुला आज कशाला सांगेन?"

खिडकीबाहेर बघत तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "हसू देत. मी एकदा विचारलं नाही."

मग त्याने अमोलचं नाव घेतलं. ते मला माहीत होतं. गुंगालिनमध्ये सगळ्यांनाच होतं. फलटणचा भूगर्भशास्त्रज्ञ, मी या कंपनीत यायच्या आधी त्या डोंगरांत अपघातात गेलेला. त्याची बायको रेवती आमच्या मागच्या गल्लीत राहते. अमोल आणि हा जिवलग मित्र होते एवढंही ऐकलं होतं. अपघात कसा झाला ते मात्र मला त्या दिवशी ट्रॅममध्ये कळलं.

सॅटेलाइट फोनवर इंग्रजीतच बोलायचं आणि तारीख आकड्यातच सांगायची, असा नियम होता. पण महिनाभर इंग्रजी बोलून अमोलची जीभ आंबून जायची. मग तो याला मराठीत फोन करायचा, शिव्या घालायचा, वरणभाताची आठवण काढायचा. त्या दिवशी त्यांच्या तळावर एकाला बरं नव्हतं. त्याला विमान उतरतं त्या जागी न्यायचं होतं. वारा सुटला होता, बर्फ उडत होता, आलेल्या गाड्यांची चाकोरी पुसली गेली होती, समोरचं काही दिसत नव्हतं. अमोल घाईत म्हणाला, "परवाचा रस्ता पाठव," आणि लाइन तुटली.

अमोलला हवा होता दोन दिवसांपूर्वीचा रस्ता, ज्यावरून ते तळावर आले होते. थोरल्या जावेला वळसा घालून येणारा, लांबचा, पण तपासलेला. याच्या डोक्यात होता दोन दिवसांनी परत जायचा रस्ता, दोघी जावांच्या मधून जाणारा, जवळचा. तो सगळा आठवडा त्याने त्यावरच घालवला होता. तिथल्या भेगा अजून रडारने तपासायच्या होत्या. आदल्याच दिवशी दोघांचं त्यावर बोलणं झालं होतं, म्हणून अमोल तोच मागतोय असं याला वाटलं. याने तो पाठवला.

दोन्ही रस्ते एकाच जागी पोचत होते आणि सुरुवातीला जवळजवळ सारखेच होते. अमोलची गाडी पुढे होती, आजारी माणूस मागच्या गाडीत. मागची गाडी वाचली. पुढची ज्या भेगेत गेली, तिथे खाली उतरलेल्यांचे दोर संपले, तळ आला नाही. अमोलला तिथेच ठेवून सगळे परत आले.

"चौकशीत मी सगळं सांगितलं," तो म्हणाला. "चौकशी करणाऱ्या बाई विचारतात, या शब्दाचा नक्की अर्थ कुठला? म्हटलं, दोन्ही. त्या म्हणाल्या, मग तुम्ही लोक मॅनेज कसं करता? म्हटलं, होतं मॅनेज. 'गेलो' म्हटलं की मागचा, 'जाऊ' म्हटलं की पुढचा. त्या दिवशी तो नुसतं 'पाठव' म्हणाला. त्यांना वाटलं मी काहीतरी लपवतोय."

"आणि रेवती?"

"तिला समजावावं लागलं नाही. तिला लगेच कळलं. म्हणाली, 'त्याच्या आवाजावरून कळलं नाही तुला?' आणि दार लावलं."

आमचा स्टॉप आला, आम्ही उतरलो, ऑफिसात गेलो. त्यानंतर त्याची नक्कल मी केली नाही, पोरांनाही दटावलं.

अपघाताला वर्ष झाल्यावर रेवतीनेच त्याला फोन केला होता. एवढंच विचारलं, "बर्फ सरकतो म्हणतोस, मग अमोल आता कुठे आहे?" तेव्हापासून दर वर्षी अमोलच्या तिथीला हा नकाशा घेऊन तिच्याकडे जायचा. एकदा पाऊस होता म्हणून मी त्याला गाडीने सोडलं आणि सगळं काचेतून पाहिलं. त्याने दाराबाहेर पायपुसण्याशेजारी बूट काढले. पावसाने भिजलेल्या पायरीवर नुसत्या पायमोज्यांनी उभा राहिला. रेवती दारातच आली. त्याने नकाशा भिंतीला धरून बोट ठेवलं, तिने वाकून बघितलं, मान हलवली. दार लागलं. तो गाडीत येऊन बसला तेव्हा मोजे ओले झाले होते.

"आत नाही बोलावत?" मी विचारलं.

"तिचा हक्क आहे," तो म्हणाला. मग सीटबेल्ट लावत, "मी बूट काढून ठेवतो. म्हटलं, बोलावलंच तर उगाच खोळंबा नको."

मला त्याचा इतका राग आला आणि इतकी दया आली, की मी रेडिओ लावला.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. हृदयविकार. सकाळी ऑफिसला आला नाही, फोन उचलेना, मग पोलिसांनी दार उघडलं. अंत्यविधीला आम्ही मोजकी माणसं होतो. रेवती आली नाही.

अमोलच्या तिथीला मात्र तिचा मला फोन आला. "दुपारी, आर्वोला येतेस का? ते नकाशे असतील ना ऑफिसात?"

मी नकाशा घेऊन गेले. तिने आत बसवलं, चहा केला. नकाशा मी टीपॉयवर पसरला खरा, पण मला त्यातलं काही कळत नव्हतं. तिनेच बोट ठेवलं, जरा पुढे सरकवलं, थांबवलं.

"इतका आला असेल," ती म्हणाली. "तो सांगायचा तसंच मोजलं."

मग ती उठली आणि दार उघडून पायपुसण्याकडे बघत उभी राहिली. मी हाक मारली तरी वळली नाही.

"या वर्षी मी त्याला आत ये म्हणणार होते गं," ती म्हणाली.