मेसची बारा नंबर

सांगलीच्या मुलींच्या वसतिगृहात प्रत्येकीला दोन नंबर असत, एक खाटेचा आणि एक मेसचा. माझा मेसचा नंबर बारा. बारा नंबरच्या खाटेवर मात्र आटपाडीची माझी मैत्रीण झोपायची. फाटकावरच्या मावशी नाव घेऊन कुणालाच हाक मारत नसत. नुसता नंबर ओरडायच्या, कुठला ते आपण ओळखायचं.

एका रविवारी मी जेवत असताना त्या मेसच्या दारातून ओरडल्या, "बारा नंबर! पावनं आल्यात!" मेसच्या दारातली हाक मेसचीच असणार, म्हणून मी आमटीचा हात धुऊन पळाले. वडील कुणाबरोबर तरी लाडू पाठवणार होते. बाहेर एक आत्याबाई आणि सुट्टीवर आलेला त्यांचा फौजी भाचा. मी आधी त्यांच्या पिशवीकडेच बघितलं.

"स्वैपाक येतो का गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"खाता लय येतो."

भाचा असा काही हसला की लाडूबिडू मी विसरूनच गेले! मग मिरज स्टेशनवरचा चहा कसा असतो, यावरच आम्ही केवढं बोललो. अंगात वारं शिरल्यासारखी मी बडबडत सुटले होते.

"आटपाडीत घर कुठंशी?" आत्याबाई म्हणाल्या.

"आमचं कोरेगाव."

"अगं बाई! मग बारा नंबर कोण?"

"मीच की. मेसची."

त्या खाटेच्या बाराला बघायला आल्या होत्या. मुलीच्या घरच्यांनी नुसता आकडा सांगितला होता. मग ती आली, चहा झाला, रीतसर बघणं झालं. मी दाराआड. तो मला आवडला होता, लाज वाटावी इतका आवडला होता, आणि त्याची सुट्टी संपत आली होती. मैत्रीण आत येऊन म्हणाली, "मला बीएस्सी करायचीय बाई. तुलाच लखलाभ!" पण त्याच्या मनात कोण, हे कुणी सांगावं?

संध्याकाळी रेक्टरबाईंनी मावशींना तंबी दिली, यापुढे नुसता आकडा चालणार नाही. मावशी इतक्या धास्तावल्या की दूधवाला "दहा लिटर" म्हणाला तरी विचारलं, "खाटंचं का मेसचं?" आम्ही हसून हसून लोळलो.

दुसऱ्या दिवशी मी जिन्यात वेणी घालत बसले होते. फाटकाशी त्याचा आवाज आला, "मावशी, बारा नंबरला बोलवता?"

"आवं, कुठल्या बाराला? खाटंच्या का मेसच्या?"

माझे हात वेणीतच थांबले. सोबतच्या आत्याबाईंनी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "मेसच्या. मेसच्याच."

मावशींनी हाक मारेपर्यंत मी अर्ध्या वेणीनिशी खाली पोचले होते.