पाणी आमचं, गाणं मुंबईचं

गाणं कुठल्या शहराचं भारी, यावरून आमच्या वस्तीत जेवढी भांडणं झाली तेवढी बांधावरूनही झाली नसतील. वस्ती लोणावळ्याजवळच्या वलवणची, धरणाच्या अंगाला. आमच्या लोकांनी धम्माची दीक्षा घेतल्याला काही वर्षं झाली होती आणि जयंतीला बाहेरची गायन पार्टी आणायची चाल पडली होती. पार्टी म्हणजे पेटी, ढोलकी, एक म्होरक्या आणि मागून ओळ उचलणारा कोरस. ज्यांची पोरं मुंबईच्या गोदीत, त्यांना मुंबईची पार्टी हवी. ज्यांचे जावई खडकीच्या कारखान्यात, त्यांना पुण्याची. एक म्हणे, मुंबईचं गाणं बघा कसं पळतं, टाळ्यांवर नाचतं. दुसरा म्हणे, पळतंय तर पळू दे, पुण्याच्या गाण्यात सवाल असतो, त्याला डोकं लागतं. डोकं दोघांकडेही नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

लोणावळ्याचं दुखणंच असं आहे. मुंबईवाला पुण्याला जाताना चिक्कीपुरता उतरतो आणि पुणेवाला मुंबईला जाताना. गाणीही तशीच यायची. आम्ही दोन्हीकडच्या गाण्यांवर माना डोलवायच्या आणि त्यांना पुढच्या गाडीला बसवून द्यायचं. आपलंही एखादं गाणं असावं, असं कुणाच्या मनात नव्हतं. माझ्या होतं.

मी कार्ल्याची, चौथी शिकलेली, वलवणला दिलेली. आवाज भात लावताना या बांधावरून त्या बांधावर जाणारा. सासू म्हणायची, "हिला हळू बोलायचं शिकीवलंच न्हाई कुणी." नवरा रेल्वेत खलाशी होता आणि ढोलकी बरी वाजवायचा. तो, मी, पेटीवर दीर आणि कोरसला दोन जावा, अशी आमचीही एक पार्टी होती. पण जयंती कमिटीचे म्होरके माझे सासरे. घरच्यांनाच वर बसवलं तर लोक काय म्हणतील, या धास्तीनं त्यांनी आम्हांला वेळ दिला तो पाहुण्यांचा चहा होईस्तोवर. पाहुण्यांनी बशी खाली ठेवली की ते हात वर करायचे. मी कडव्याच्या मधोमध असले तरी तिथंच गप्प व्हायचं. म्हणून चुलीजवळच्या शेजारणीला मी आधीच बजावून ठेवी, की बाई, चहा उकळता दे, तेवढंच एक कडवं जास्त होईल.

एका वर्षी मी स्वतः जुळवलेलं गाणं म्हटलं.

"पाणी आमचं वलवणाचं घाट उतरून गेलं,
मुंबईच्या चाळीमंदी उजेड होऊन ऱ्हालं.
आमच्या घरी कंदील बाई, काच त्याची काळी,
घासलेटाच्या रांगेमंदी उभी मी सकाळी."

धरणाचं पाणी घाटाखाली नेऊन त्यावर वीज करायचे. ती वीज मुंबईला जायची आणि भिंतीला लागून राहणाऱ्या आम्हांला कंदील. यात कविता कसली, नुसती तक्रार होती, पण चाल झकास बसली होती. मुंबईच्या पार्टीचा म्होरक्या, गळ्यात रेशमी रुमाल, बशी तोंडाशी नेता नेता थांबला. मला वाटलं, चहात माशी पडली असेल. मग त्यानं बशी ठेवली, सासऱ्यांचा हात वर गेला आणि माझं गाणं संपलं.

पुढल्या जयंतीला तीच पार्टी आली. ऊन कललं तसा बॅटरीवर भोंगा लागला. म्होरक्यानं जाहीर केलं, "आता ऐका, मुंबईत सध्या गाजत असलेलं गाणं!" आणि सूर लावला, "पाणी आमचं सह्याद्रीचं घाट उतरून गेलं..."

वलवण काढून सह्याद्री घातला होता, म्हणजे कुठल्याही गावात खपावं. बाकी सगळं माझं होतं, चालीसकट. घासलेटाच्या रांगेत तो स्वतःच उभा राहिला होता. आणि 'आमचं' म्हणे! याच्या खोलीत बटण दाबलं की दिवा लागतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वस्ती मात्र डोलत होती. पुण्याच्या बाजूचेसुद्धा डोलत होते. सासरे मागं वळून मला म्हणाले, "बघ, गाणं आसं आसावं. मुंबई ती मुंबई."

खोटं कशाला सांगू, रडूच आलं. ज्यांच्यासाठी मी ते जुळवलं होतं, त्यांना ते मुंबईला जाऊन आल्यावर ऐकू आलं होतं.

पण गाण्याच्या सामन्याचा एक रिवाज होता. कुणी त्याच चालीत सवाल टाकला, तर त्याच चालीत जवाब द्यायचा, नाहीतर जागा सोडायची. मी बायकांमधून उठले, पदर खोचला आणि भोंग्याच्या वरताण आवाज लावला.

"पाणी नेलं, उजेड नेला, गाणंबी नेलं राव,
आता तरी भोंग्यावरती घ्या वलवणचं नाव!"

नवऱ्यानं ढोलकी मांडीवर ओढली आणि बापाकडे न बघता थाप मारली. तेवढं एक धाडस त्यानं जन्मात केलं, आणि त्यावर मी त्याची पुढची सगळी वर्षं निभावून नेली. जावांनी "घ्या वलवणचं नाव" उचललं, मग साऱ्या बायकांनी. म्होरक्यानं रुमाल सोडून तोंड पुसलं. शेवटी हसला आणि माईक माझ्यापुढं धरून म्हणाला, "ताई, गेल्या साली इथंच ऐकलं होतं. घ्या, तुमचं तुम्ही म्हणा." माणूस वाईट नव्हता, फक्त मुंबईचा होता.

मी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. कुणी बशी ठेवली की नाही, ते मी पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी सासरे नाक्यावर सांगत होते, "मुंबईला गाणी कोन पुरवतंय? आमीच की!"

भात काढून झाल्यावर कार्ल्याहून, माझ्या माहेरहून, आमच्या पार्टीला पहिलं बोलावणं आलं. एस्टी थांबते तिथं फळा टांगला होता. त्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मुंबईची सुप्रसिद्ध गायन पार्टी'. मी तिथल्या कमिटीवाल्याला हटकलं, तर तो म्हणाला, "आक्का, वलवणची लिवली तर कोन येतंय ऐकाया? सकाळी निगालं तर न्ह्यारीला पोचतंय वलवणला."

मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं माझा दंड धरला. ती मला घ्यायला आली होती. तिला अक्षराची ओळख नव्हती.

"ह्यात मुंबई कुटं लिवलीया?"

मी बोट ठेवलं. तिनं पदराचं टोक जिभेवर ओलं केलं, तेवढाच शब्द घासून घासून पुसला आणि फळ्याखालचा खडू उचलून माझ्या हातात दिला.

"लिव आता."