कसब्यातलं मटण

माझं लग्न ठरणार की मोडणार याचा निकाल ज्या दुपारी लागायचा होता, त्या दुपारी आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, कसबा पेठेतल्या एका गल्लीतून गाडी उलटी घेत पळत होते. गाडीच्या नाकासमोर दोन्ही हात वर करून एक गृहस्थ धावत होते. ते माझे व्हायचे सासरे. मी मागच्या सीटवर पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन बसले होते. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी बॉक्स घट्ट धरून ठेवला.

आमचं गाव महापालिकेत आलं तेव्हा मी शाळेत होते. पुणं आमच्या दारापर्यंत आलं, पण आम्ही पुणेकर झालो असं कुणी कळवलं नाही. अर्ध्या शिवारात इमारती उभ्या राहिल्या. उरलेल्या अर्ध्यात आण्णा अजून मेथी-कोथिंबीर लावतात आणि स्वतः मंडईत घेऊन जातात. तिथं त्यांनी या टोकाला तोंड उघडलं की त्या टोकाचं गिऱ्हाईक वळून बघतं.

मुलगा माझ्याच ऑफिसातला. त्याचे वडील खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आई एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि घर कसब्यात. आम्ही आपापल्या घरी सांगितलं तेव्हा दोन्ही घरांतून एकच वाक्य आलं: माणसं चांगली असतील, पण आपल्यातली नाहीत. इतकं एकमत असलेली घरं एकमेकांना शोभून दिसतील असं माझं मत होतं, पण मला विचारतो कोण. शेवटी एकदा भेटून तर घ्यावं, इथवर गाडी आली. आण्णांनी मला आधीच बजावलं, "तिथं मला खाली बघायची येळ आली तर न्हाई म्हणून उठून येईन. मग रडायचं न्हाई."

आमच्याकडे पेठांबाबतची तज्ज्ञ म्हणजे आत्या. तरुणपणी ती काही वर्षं पेठेत दूध घालायची. तेवढ्या भांडवलावर तिनं आमची शिकवणी घेतली. पेठेत मोठ्यानं बोलत नाहीत. चहा दुसऱ्यांदा विचारत नाहीत, आणि चुकून विचारलाच तर हो म्हणायचं नसतं. बोटात सोनं दिसलं की ते लोक मनात म्हणतात, जमीन विकली वाटतं. आण्णांनी निमूटपणे अंगठी काढून देव्हाऱ्यात ठेवली. शर्टाचं गळ्यापाशी असलेलं बटणसुद्धा तिनं लावायला लावलं. मुलाच्या आईनं फोनवर "रविवारी जेवायलाच या" असं स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. आत्यानं ते उडवून लावलं.

"तशी म्हनायची रीत असती. पेठेत जेवायला या म्हंजी चारनंतर चहाला या. दुपारी बेल वाजवली तर दार सुदिक उघडत न्हाईत."

म्हणून आम्ही घरून भाकरी खाऊन निघालो. पण आण्णांना जन्मात कुठं उशिरा पोचता आलेलं नाही. साडेबाराच्या सुमाराला आम्ही त्यांच्या इमारतीखाली हजर. मग आत्यानं फर्मान काढलं की चार वाजेपर्यंत गाडीतच बसायचं, काचा वर करून, आवाज न करता.

वर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. माझ्या सासूबाईंना आमच्यासारख्या माणसांची सगळी माहिती टीव्हीवरच्या मालिकांतून मिळालेली. त्यावरून त्यांनी ताडलं होतं की हे लोक जीप भरभरून येणार आणि पानात मटण नसेल तर अपमान समजणार. ज्या स्वयंपाकघरात कधी अंडं फुटलं नव्हतं, तिथं त्यांनी कुणालाही न विचारता खानावळीतून जीपभर माणसांना पुरेल एवढं मटण आणवून ठेवलं होतं. पातेल्याशेजारी उदबत्तीचा आख्खा पुडा लावला होता. आणि बारापासून सगळे उपाशी आमची वाट बघत होते.

मुलाचा मेसेज आला, कुठे आहात? मी लिहिलं, खाली. त्यानं विचारलं, खाली म्हणजे? मी लिहिलं, आत्या वर येऊ देत नाही. त्यानं ते आईला सांगितलं. आईनं गॅलरीतून वाकून बघितलं, बंद काचांची मोठी गाडी दिसली आणि त्यांचा रंगच उडाला. "अरे, ते मानानं बोलावणं यायची वाट बघतायत! जमीनदार लोक आहेत. अहो, पळा खाली!"

सासरे धावत खाली आले. आत्यानं त्यांना बघितलं आणि आण्णांच्या पाठीत बोट खुपसलं. "आला बघ. गाडी काढा म्हनणार. आता पानउतारा करणार."

"काढतो वो, काढतो!" म्हणत आण्णांनी गाडी मागे घेतली. सासरे "अहो नको, नको!" करत पुढे. त्यांच्या हातवाऱ्यांवरून आण्णांना वाटलं, अजून मागे घ्या म्हणतायत. अशी वरात गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. तिथं एक हातगाडी आडवी होती म्हणून बरं, नाहीतर आम्ही थेट गावी पोचलो असतो.

वर गेलो. जीप नाही, फक्त तीनच माणसं आलेली बघून सासूबाई जरा खट्टू झाल्या, पण त्यांनी तयारी सोडली नाही. दारातच हात पसरून त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "या की वो पाव्हनं! टेका की! लई उशीर केलासा!"

ती मालिका बहुतेक कोल्हापूरकडची होती. आमच्या गावात असं कुणी बोलत नाही. पण प्रश्न तो नव्हता. आण्णांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, या शिकलेल्या बाई तोंडावर आपली नक्कल करतायत. त्यानंतर ते बोलेनात. प्रवास कसा झाला विचारलं तर मान हलवली. पाणी हवं का विचारलं तर मान हलवली. सासूबाईंना वाटलं, यांना आपलं घर पसंत नाही. त्या घाबरून आणखी जोरात मालिका बोलू लागल्या. माझा नवरा, म्हणजे तेव्हा नव्हता, जमिनीकडे बघत बसला. मला सासूबाईंच्या तोंडावर हात ठेवावासा वाटत होता. आण्णांची मान खाली गेलेली मला दिसत होती.

आणि ते उठलेच. "येतो आम्ही," एवढंच म्हणाले, अगदी हळू.

सासूबाई ओरडल्या, "अहो, जाऊ नका! मटण केलंय!"

त्या आत पळाल्या आणि ते भलंमोठं पातेलं दोन्ही हातांनी उचलून घेऊन आल्या. तोंड एका बाजूला फिरवून त्यांनी झाकण काढलं. वाफ आण्णांच्या नाकात गेली आणि त्यांचा मंडईतला आवाज बाहेर आला.

"ओ ताई! मी माळकरी हाय!"

समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या. आण्णांनी ते गळ्याशी लावलेलं बटण खेचून तोडलं आणि तुळशीची माळ बाहेर काढून दाखवली. सासूबाई पातेल्यासकट खुर्चीत बसल्या.

"म्हणजे तुम्ही खात नाही?"

"अंडं बी न्हाई."

"कधीच?"

"आमच्या आज्यापासून न्हाई."

त्यांनी पातेल्यात बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या स्वतःच्या मराठीत, अगदी केविलवाण्या सुरात म्हणाल्या, "मग हे एवढं कोण खाणार?"

कोपऱ्यातून उत्तर आलं, "मी घेईन की थोडं."

सासरे बोलले होते. धावून धावून त्यांना सडकून भूक लागली होती. सासूबाई सावकाश वळल्या. "तुम्ही?" सासऱ्यांनी खडकी, कारखाना, शनिवार, मित्र असे काही सुटे शब्द उच्चारले. "कधीपासून?" "नोकरीला लागलो तेव्हापासून," असं म्हणून त्यांनी ताट पुढे केलं. आत्या सगळ्यांत आधी हसली. तिनं माळ घातलेली नव्हती. "एकट्यानं खाऊ न्हाई," म्हणत ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

मटणाच्या गडबडीत घरात शाकाहारी काही शिजवायचं राहूनच गेलं होतं. सासूबाईंनी घाईघाईनं भात लावला, पिठलं टाकलं, आणि स्वयंपाकघरात त्या आणि आण्णा समोरासमोर जेवायला बसले. मी पाणी द्यायच्या निमित्तानं दाराशी उभी होते.

"मघाशी मी तसं बोलले ना," सासूबाई म्हणाल्या, "ते तुम्हाला परकं वाटू नये म्हणून."

"मला वाटलं, हसताय."

"हसतेय कसली! सकाळपासून एका जागी बसले नाहीये मी. तुम्ही खालीच बसून राहिलात, वर येईनात. वाटलं, आमचं घर तुम्हाला लहान पडलं."

आण्णांनी भात कालवायचा थांबवला. माझ्या वडिलांना मी भांडताना पाहिलंय, रडतानाही एकदा पाहिलंय, पण त्यांनी पुढे जे सांगितलं ते मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"आमी भ्यालो म्हणून खाली बसलो, ताई."

सासूबाईंनी न विचारता आण्णांच्या पानात आणखी पिठलं वाढलं. मला इतकं भरून आलं की मी तांब्या तिथंच ठेवून बाहेर गॅलरीत गेले. सुपारी त्याच संध्याकाळी फुटली.

परत येताना आत्या तृप्त होऊन मागे टेकली होती. गाडी पुलावर आली तेव्हा तिनं पेठांविषयीचं आपलं नवं मत जाहीर केलं. "एक कळलं बघ. पेठेतली मान्सं लई मटण खात्यात."

"गप," आण्णा म्हणाले. "एकटाच खातो, त्यो बी बायकोला भिऊन खडकीत जाऊन. बाकी सगळी आपल्यासारखीच भित्री हायत."